बसायच्या उंचीची गाडी

गाडीचं मागचं दार सकाळी उघडायला गेलो आणि ते माझ्या हातातच आलं. म्हणजे अर्धं हातात, अर्धं डोक्यावर आणि उरलेलं पायाच्या अंगठ्यावर. मी जी बोंब ठोकली ती पाण्यापलीकडे अर्नाळ्याच्या किल्ल्यात ऐकू गेली म्हणतात. मी त्या वेळी किल्ल्यात नव्हतो, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही.

बायको सुक्या बोंबलांची पाटी घेऊन बाहेर आली. माझ्याकडे एकदा बघितलं, दाराकडे दोनदा.

"काच फुटली?"

"माझं डोकं फुटलं असतं."

"ते मी इचारलं नाय. काच फुटली काय?"

काच शाबूत होती. बाकी दाराचा पत्रा मात्र पापडासारखा झाला होता. बोट लावलं तर बोट पलीकडे. बिजागऱ्यांच्या जागी तांबडा भुगा होता, आणि वारा सुटला तसा तोही गेला.

आमची गाडी म्हणजे स्टेशन वॅगन. हल्लीच्या पोरांना हा प्राणी ठाऊक नाही. साध्या मोटारीची पाठ वाढवून तिथे एक खोली बांधली तर जे होईल ते. पुढून साहेब, मागून गोदाम. वसईच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ती हौसेने घेतली होती, आणि हौस फिटल्यावर माझ्या गळ्यात मारली. गाडी इतकी लांब की तिचं नाक आगाशीच्या बाजारात शिरतं तेव्हा शेपूट अर्नाळ्याच्या एसटी स्टँडवर प्रवासी मोजत असतं.

पण बायकोला तिच्या लांबीचं काही नव्हतं. तिला तिची उंची आवडायची. बायको आगाशीच्या बाजारगल्लीत सुकी मासळी विकते. लग्न होऊन आली तेव्हापासून, जमिनीवर, उकिडवी. मग गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, खाली बसणं बंद. बायको म्हणाली, मग उभं राहून बोंबील कोण विकतं? स्टुलावर बसून बघितलं, तर हात पाटीपर्यंत पोचेना. आठवडाभर घरात तोंड फुगवून बसली आणि एक दिवस गाडी धुताना सहज मागच्या दारात टेकली. टेकली ती टेकलीच. त्या गाडीचा मागचा उंबरा असा सखल, की पाय बरोबर जमिनीला, गुडघे बरोबर सरळ, पाट्या दोन्ही हातांना. वर उचललेलं दार म्हणजे छप्पर, आणि त्या छपराला बोंबलाच्या जुड्या टांगल्या की दुकान तयार. परदेशातल्या कुठल्या तरी इंजिनिअरने आमच्या हिच्या गुडघ्याचं माप घेऊन गाडी बनवली असावी, असं मी गल्लीत सगळ्यांना सांगतो. तो अर्नाळ्याला येऊन गेला होता असंही सांगतो.

दार का गेलं हे विचाराल तर ते मिठाने गेलं. एक तर टांगलेल्या मासळीचं मीठ. शिवाय आमच्या बापाने आयुष्यभर होडी समुद्राच्या पाण्यानेच धुतली आणि होडी त्याच्यापेक्षा जास्त जगली, म्हणून मीही दर रविवारी ओहोटीला गाडी ओल्या वाळूत नेऊन समुद्राच्या पाण्यानेच धुवायचो. लोक हसायचे. मी म्हणायचो, होडी मोठी की गाडी?

दार गेलं ते नेमकं आगोटीच्या तोंडावर. पाऊस लागला की आमच्या होड्या किनाऱ्यावर येतात आणि ताजी मासळी बंद होते, म्हणून त्याआधी घरोघर सुके बोंबील, सोडे, जवळा भरून ठेवतात. ती आगोट. हिचा वर्षाचा धंदा त्या दिवसांत. आणि त्या गल्लीत जागेचा कागद कुणाकडेच नाही. जी बसते तिची जागा. घरचं माणूस बसलेलं दिसलं पाहिजे, मग ते कुणीही असो. जागा चार दिवस रिकामी दिसली तर ती तुमची होती हे देवालाही आठवत नाही.

"आज तुमच्या बहिनीला बसवते," बायको म्हणाली. "तुम्ही दार आना."

"कुठून?"

"जिथून गाडी आली तिथून."

म्हणून आम्ही दोघं त्या कंपनीच्या शोरूममध्ये गेलो. मागची बाजू जुन्या जाळ्याने बांधून घेतली होती. दारावरच्या रखवालदाराने आधी गाडीकडे बघितलं, मग नाक धरलं, मग सलाम केला, हे विशेष.

आत एक टाय लावलेला पोरगा होता. त्याने आम्हाला गार पाणी दिलं आणि वाईट बातमी दिली. आपल्याकडे ती वॅगन बंद होऊन जमाना झाला. बाहेरच्या देशात कंपनी अजून बनवत होती, म्हणून एखादा भाग मागवता यायचा. पण आता तिथेही बंद. कंपनीने नुकतंच जाहीर केलंय. त्याच घोषणेत एक आनंदाची बातमीही आहे, म्हणाला, आणि बाजूला सरकला.

भिंतीवर ती होती. लाल. दोन दारांची, जमिनीला पोट लावून बसलेली, मांजरीने झडप घालायच्या आधी बसावं तशी. माझ्या तरुणपणी तिचं चित्र गोखिवऱ्याच्या कारखान्यात माझ्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं होतं. मी पत्र्याच्या पेट्या ठोकतो, तेव्हाही ठोकायचो. त्या चित्राकडे बघत ठोकलेल्या पेट्या आपोआप पळत गिऱ्हाइकाकडे जायच्या. ती गाडी मध्ये बंद पडली होती. आता कंपनी तिला पुन्हा जिवंत करत होती.

"सर, तुमची जुनी एक्स्चेंजला द्या," पोरगा म्हणाला. "पहिल्या बॅचमध्ये नंबर लावतो."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं हे नाकारत नाही. पाण्याची पातळी गुडघ्यापर्यंत आली होती. बायकोने ती बघितली.

"हीच का ती पेटीतली?" ती म्हणाली.

"कुठली पेटी?"

"घ्यायची तर घ्या. पुढं तुम्ही बसा. मागं मी कुठं बसू तेवढं दाखवा."

पोरगा हुशार. म्हणाला, "मॅडम, मागे जागा हवी असेल तर आपल्याकडे एसयूव्ही आहेत ना." आणि एकेका गाडीचं मागचं दार बटण दाबून उघडायला लागला. बायको पदर खोचून प्रत्येक गाडीच्या मागे बसून बघायला लागली. पहिल्या एसयूव्हीत तिला दोघांनी वर चढवली. पाय हवेत.

"ही काय घोड्यावर बसून बोंबील विकायची गाडी?"

दुसरी आणखी उंच. तिसरीचा उंबरा मधूनच वर आलेला. ती म्हणाली, हा मांडीला कापतो. एका लहान गाडीत ती बसली आणि पाटीला जागा उरली नाही, पाटी ठेवली तर ती उरली नाही. शोरूममध्ये लग्नाची गाडी बघायला आलेलं एक कुटुंब सगळं सोडून आमच्या मागे फिरायला लागलं. शेवटी तिने त्या लाल गाडीचीही परीक्षा घ्यायची ठरवली. शोरूमच्या कोपऱ्यात तिची एक नमुन्याची गाडी आणून ठेवली होती. बायको आत बसली. म्हणजे बसली कसली, उतरली. विहिरीत उतरतात तशी. मग बाहेर येईना. पोरगा एका हाताला, मी दुसऱ्या हाताला, लग्नवाल्यांचा आजोबा मागून सूचना द्यायला. ती बाहेर आली तेव्हा त्या गाडीला चार माणसांची धाप लागली होती.

"वॅगन का बंद केली?" तिने श्वास घेत विचारलं.

"मागणी नाही, मावशी." मॅडमची मावशी झाली होती. "लोकांना नकोय."

"लोक म्हनजे कोन? मना कोनी इचारलं?"

"आणि ही लाल?" मी विचारलं.

"हिचे चाहते खूप. इंटरनेटवर किती वर्षं मागे लागले होते, परत आणा, परत आणा. कंपनीला ऐकावंच लागलं."

"म्हनजे बोंबलायला पायजे होतं," बायको म्हणाली. "अरे बाबा, ते तर आमचं कामच हाय. आधी सांगायचं नाय काय?"

निघताना तिने त्याला जवळ्याची एक पुडी दिली. शोरूममध्ये अजून तो वास असेल.

मग मी भंगारवाल्यांकडे फिरलो. वसई झाली, विरार झालं. नालासोपाऱ्यातला एक जण पसाऱ्याच्या डोंगरावर बसून म्हणाला, "चाचा, इस गाडी का तो भंगार भी आना बंद हो गया." मी म्हणालो, एक आहे, फक्त तिला अजून माहीत नाही. तो इतका हसला की डोंगराचा अर्धा भाग खाली आला आणि त्यातून वॅगनचं नाही, पण एका रिक्षाचं दार निघालं. ते मी घेतलं नाही.

घरी आलो तर बायको ओट्यावर बसून कुणाशी तरी फोनवर बोलत होती.

"नवीन मिळत नाय म्हनजे काय झालं," ती म्हणत होती. "होडीची फळी गेली तर होडी टाकतावं काय रे आपन? मग?"

पलीकडे माझा मेहुणा होता, हिचा धाकटा भाऊ. वसईला पाचूबंदरात होड्यांची कामं करतो. लाकडी होडीला वरून काचेची मॅट आणि रेझिन लावून फायबरचं आवरण चढवायचं, हे त्याचं काम. त्याच्या मते जगात दोनच माणसं होड्या बांधू शकतात, आणि दुसरा आता हयात नाही. मी गाडी घेऊन गेलो. त्याने जुन्या दाराभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"भावोजी, दार काय, हे तर होडीच्या पुढच्या नाळेपेक्षा सोपं हाय. जुन्याला मेन लावायचं, वरून साचा काढायचा, साच्यात नवं भरायचं. कंपनीवाले बघायला येतील." मग त्याने डोळे बारीक केले. "लाट कुठून बसनार?"

"अरे, गाडी आहे. गाडीला लाट कशी बसेल?"

"जुलयमधी नालासोपाऱ्यातून कवा गेलावं नाय काय?"

जुलैत तिथे रस्त्यावर गाड्या पोहतात; मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

तो कामाला लागला आणि माझ्यावर दुसरी नोकरी आली. बहीण दोन दिवस बसली आणि घरी पाहुणे आले म्हणून गेली. बायकोला खाली बसता येत नव्हतं, उभं राहून जागा लागू होत नव्हती. तेव्हा गल्लीत घरचं माणूस म्हणून उरलो मी. कारखान्यातून रजा घेतली आणि आगाशीच्या गल्लीत पाटी मांडून जमिनीवर बसलो.

माझ्या शेजारी नालासोपाऱ्याहून येणारी एक तरुण बाई ताडपत्र्या, रेनकोट, प्लॅस्टिकच्या चपला विकायची. बोलकी होती. मीही तसा फार मुका नाही.

"काका, मावशी कुठंय? बरी आहे ना?"

"ती कंपनीच्या मोठ्या साहेबांशी बोलणी करतेय. तिच्यासाठी वेगळी गाडी बनवायला घेतलीय."

"सच्ची?"

"कारखान्यात बत्तीस जण रात्रंदिवस लागलेत."

मेहुणा आणि त्याचा एक कामगार, एवढेच लागले होते, पण ते जेवायचे बत्तीस जणांचं.

धंदा मी जोरात केला. आगाशीच्या वाडीतली एक आजी आली, जन्मापासून आमच्या हिच्याकडूनच घेणारी. तिने बोंबील मोडून वास घेतला. "हे कुठले रे?" मी म्हणालो, आजी, हे बोंबील भल्या पहाटेच्या वाऱ्यात वाळवलेत, दुपारचं ऊन त्यांना दाखवलेलंच नाही. दुसऱ्या एका बाईला सांगितलं की हा जवळा भिजवला की चौपट होतो, भांडं मोठं घे. तिसऱ्या दिवशी ती भांडं घेऊन घरी आली आणि बायकोला दाखवून गेली. रात्रीच्या जेवणात मला सुकी चटणी मिळाली.

गप्पांच्या नादात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. ताडपत्रीवाली रोज सकाळी चादर पसरायची ती आदल्या दिवशीपेक्षा थोडी माझ्या बाजूला. आज चपलांचा ढीग, उद्या छत्र्या. मी हलत गेलो. एकदा तिने विचारलंही, "काका, जरा सरकू का?" आणि मी मोठ्या मनाने म्हणालो, "सरक की. एवढी जागा काय डोक्यावर घेऊन जायचीय?" शेवटी शेवटी मी माझ्याच पाटीच्या आकाराचा झालो होतो. श्वास घ्यायचा तर रेनकोटांना विचारून घ्यायचा.

त्याच दिवशी मेहुण्याचा फोन आला. दार तयार.

बिजागऱ्या बसतात ती गाडीच्या छपराची कड मी स्वतः आधीच नीट केली होती. कुजलेला पत्रा कापून नवी पट्टी वेल्ड केली, काही झालं तरी पत्रा माझा धंदा आहे. दार बघायला मात्र बायको बरोबर आली. मेहुण्याने दारावर हार घातला होता आणि नारळ ठेवला होता, होडी पाण्यात ढकलायच्या दिवशी करतात तसं. निळं, चकचकीत, खाली लाल पट्टा. जुनी काच रबरात घट्ट बसवलेली. सुरेख होतं. फक्त ते उचलायला आम्ही चौघं लागलो.

"किती थर दिलेस?" मी विचारलं.

"होडीला देतो तेवढे. भरतीत आपटलं तरी दाराला काय होनार नाय."

होणार नव्हतंच. होणार होतं ते बाकी गाडीला. दार बसवलं आणि गाडीचं नाक वर झालं. पुढची चाकं जमिनीला नावापुरती टेकून होती, कुणी शिंकलं असतं तर उठली असती. मेहुण्याने दार वर केलं, त्याखाली उभा राहिला आणि भाषण सुरू केलं, की कंपनीला जे जमलं नाही ते. तेवढ्यात दार धरणारे ते गॅसचे दोन दांडे सुस्कारा टाकून बसले. दार सावकाश, अगदी अदबीने खाली आलं आणि त्याला भाषणासकट आत घेऊन बंद झालं.

आतून आवाज आला, "पानी येनार नाय, बघ, एक थेंब येनार नाय!"

आम्ही त्याला बाहेर काढला. बायको हसली नाही.

"ह्याच्याखाली मना बसवनार होतास?"

"बाय, थोडं घासून पातळ करतो. आठ-दहा दिवस दे."

"आगोट काय तुझ्यासाठी थांबते? पाऊस तुझा चुलता हाय?"

मी म्हणालो, यंदाचं राहू दे, पुढच्या वर्षी बघू. माझ्या गुडघ्यांनाही आता ते उकिडवं बसणं झेपत नव्हतं, हे मी बोललो नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी ते शब्द परत गिळले आणि वर पाणी प्यायलो.

मग ती मेहुण्याच्या पसाऱ्यात शिरली. ती नाखव्याची पोर. बापाच्या होडीवर लहानपणी शीड ओढलेली. दोन कप्प्या काढल्या, एक जाड दोर काढला. एक कप्पी छपरावरच्या कॅरिअरला, एक दाराच्या कडेला. दोर त्यातून फिरवून पुढे आणला आणि कॅरिअरच्या पुढच्या दांड्याला मला खुंटा ठोकायला लावला. नाक वर होतं त्याचाही इलाज तिनेच काढला: पुढच्या सीटखाली दोन गोणी वाळू. मग दोर ओढला. ते चौघांचं दार तिच्या एकटीच्या हाताने शिडासारखं वर गेलं. दोराला दोन वेढे, एक गाठ.

"आता बसा," ती म्हणाली.

"कोण?"

"तुम्ही दोघं. दाराखाली."

आम्ही बसलो. ती समोर खुर्ची टाकून बसली, शेजाऱ्यांकडचा चहा प्यायली, दोर हलवून बघितला, एकदा गाडीला हिसका दिला, एकदा कामगाराला कॅरिअरवर उड्या मारायला लावल्या. मेहुणा मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होता. त्याचे ओठ हलताना मी बघितले. ऊन कलेपर्यंत तिने आम्हाला तिथे ठेवलं. दार केसभरही खाली आलं नाही. माझे केस मात्र उभे होते, त्यामुळे दाराला लागत होते.

"चालंल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आगाशीच्या गल्लीत उलटी घातली. मागचं चाक ताडपत्रीच्या काठाला टेकलं आणि थांबलं. बायको उतरली, दोर हातात घेतला, ओढला. कप्पीने असा काही सूर लावला की एसटी थांबली, ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला, आणि आंबेवाल्याच्या हातातला तराजू तसाच राहिला. निळं दार गल्लीवर उघडलं. बायकोने खुंट्याला गाठ मारली, उंबऱ्यावर टेकली, पाय जमिनीला लावले, पाट्या दोन्ही हातांना घेतल्या आणि बोंबलाच्या जुड्या एकेक वर टांगायला सुरुवात केली. वाडीतली आजी आधीच येऊन उभी होती.

"आलीस बाय? मेल्या त्या माणसाने मला काय काय सांगितलं ग!"

"कळलं मना. बसा, आजी. आधी मोडून बघा, मग घ्या."

मग तिने खाली बघितलं. तिच्या एका पायाखाली जमीन होती आणि दुसऱ्या पायाखाली छत्र्या.

ताडपत्रीवाली चटकन म्हणाली, "मावशी, ते काकांनी दिली ना जागा मला. ते बोलले, सरक. म्हणून मी सरकली. विचारा काकांना."

बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी वरच्या कप्पीकडे बघत होतो. फार सुंदर कप्पी आहे ती.

"ह्यांनी दिली असल तर ह्यांची घे," बायको म्हणाली. "घरी ओट्यावर ह्यांची एक जागा हाय, ती घेऊन जा. ही माझी हाय. पाऊस पडंपर्यंत मी इथं बसनार, पाऊस पडल्यावर दाराखाली बसनार, आनि पुढच्या वर्षी पन बसनार. सरक."

ती आवाज चढवून बोलली नव्हती. ताडपत्रीवाली हसली, म्हणाली, "ठीक आहे मावशी, चिडू नका," आणि छत्र्या उचलायला लागली. चादरीचा काठ गाडीच्या चाकापासून मागे गेला, आणखी मागे गेला, जिथे आगोटीच्या आधी होता तिथे जाऊन थांबला. मी तिला घडी घालायला मदत करावी म्हणून वाकलो.

"तुम्ही दोर धरा," बायको म्हणाली.

दोर खुंट्याला घट्ट बांधलेला होता. तरी मी जाऊन धरला.